व्यसनमुक्तीची वाट : समलैंगिक व तृतीयपंथी बांधवांना आधार कोठे मिळतो?

व्यसनमुक्ती हा विषय आपल्या वस्तीला नवा नाही. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड या गिरणगावात अशी चाळ क्वचितच सापडेल की जिच्या एकाही खोलीने दारूचा फटका सोसलेला नाही. व्यसनमुक्तीवर भाषणे होतात, भित्तिपत्रके लागतात, पंचशीलातील पाचवे शील आपण सारे एका सुरात म्हणतो. परंतु या विषयाची एक बाजू अशी आहे की जिच्यावर आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिकांतून फारसे लिहिले जात नाही. जी मुले-मुली समलैंगिक आहेत, जे तृतीयपंथी आहेत, ते व्यसनात सापडले तर त्यांचे काय होते, ते त्यातून बाहेर कसे येतात, आणि त्या वेळी त्यांचा हात कोण धरतो, ही ती बाजू होय. प्रस्तुत लेखात आम्ही यासंबंधी जमविलेली माहिती सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दांविषयी

विषय समजून घ्यायचा तर आधी शब्द स्पष्ट हवेत. ज्या पुरुषास पुरुषाविषयी किंवा ज्या स्त्रीस स्त्रीविषयी प्रेम व शारीरिक ओढ वाटते त्या व्यक्तीस समलैंगिक म्हणतात. दोहोंविषयी ओढ वाटणारी व्यक्ती उभयलैंगिक होय. जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी नोंद झाली, परंतु जिची स्वतःविषयीची जाणीव त्या नोंदीशी जुळत नाही, ती व्यक्ती पारलिंगी. आपल्याकडील तृतीयपंथी समाज यातच येतो. ज्यांची शरीररचना जन्मतःच स्त्री वा पुरुष या ठरावीक साच्यात बसत नाही त्यांना आंतरलिंगी म्हणतात. या सर्वांस मिळून इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलजीबीटीक्यूआय समुदाय' असे म्हणण्याचा प्रघात आहे. या लेखात आम्ही सोयीसाठी 'हा समुदाय' एवढेच म्हणू.

व्यसन या शब्दाचा अर्थही नीट पाहावयास हवा. सणावारी घोटभर घेणारा आणि व्यसनी यांत फरक आहे. मात्रा वाढत जाणे, न मिळाल्यास हात थरथरणे, घाम फुटणे, झोप उडणे, घरातील व नोकरीतील नुकसान डोळ्यांना दिसत असूनही सोडता न येणे, ही व्यसनाची लक्षणे आहेत. वैद्यकशास्त्र यास आजार मानते. रक्तदाब किंवा मधुमेह जसा आटोक्यात ठेवता येतो, पण दुर्लक्ष केल्यास पुन्हा डोके वर काढतो, तसाच हा आजार आहे.

आपला उलटा समज

येथेच आपल्या समाजाची मोठी गफलत होते. व्यसन हा आजार असून त्याला आपण चारित्र्याचा दोष म्हणतो. समलैंगिकता हा आजार नाही, तिला मात्र आपण आजार म्हणतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ साली समलैंगिकतेला मानसिक विकारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तोच निर्णय घेतला. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ साली समलैंगिकता हा विकार नाही असे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयात चाललेल्या एका खटल्याच्या अनुषंगाने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली समलैंगिकता 'बरी करण्याच्या' उपचारांना डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे आज एखादा डॉक्टर अशा उपचारांचे आश्वासन देत असेल तर तो स्वतःच नियमभंग करीत असतो.

गंमत अशी की, आपल्या चाळींतून या दोन्ही गोष्टींवर एकच उपाय सांगितला जातो. पोरगा दारू पितो? लग्न करून द्या, सुधारेल. पोरगा मुलींकडे पाहत नाही, वेगळाच वागतो? लग्न करून द्या, सुधारेल. लग्नाने दारू सुटत नाही आणि लग्नाने कोणाची ओढही बदलत नाही. मात्र एका निरपराध मुलीचा संसार मातीमोल होतो, आणि त्या मुलाच्या मनावर अपराधाचे आणखी एक ओझे चढते. ते ओझे उतरविण्यासाठी तो पुन्हा बाटलीकडेच वळतो. हे चक्र समजल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

व्यसन जडते कसे?

गिरणगावात व्यसनाचा इतिहास जुना आहे. तीन पाळ्यांचे काम, गावी राहिलेले कुटुंब, दहा-पंधरा जणांची एक खोली, या जीवनात गुत्ता हाच अनेकांचा विरंगुळा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली व बेकार घरांतील तरुण मुले तिच्या आहारी गेली. अलीकडे 'एमडी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेफेड्रोनची त्यात भर पडली आहे. २०१५ साली त्याचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला.

एकूण देशाचे चित्रही गंभीर आहे. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या दुष्परिणामांसाठी मदतीची गरज आहे. मात्र दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे साधारणपणे एकालाच काही ना काही उपचार मिळतो.

या समुदायात व्यसनाचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. हे लोक स्वभावतः व्यसनी असतात असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील संशोधक इलान मायर यांनी २००३ साली याची जी मीमांसा मांडली ती आज सर्वत्र मान्य आहे. ती थोडक्यात अशी की, ज्याला समाज हिणवतो त्याच्या मनावर नेहमीच्या काळज्यांखेरीज आणखी एक जादा ताण असतो. अपमानाचा प्रसंग घडला तर त्याचा ताण असतोच, पण तो केव्हाही घडेल या भीतीचा, स्वतःस लपविण्याच्या खटाटोपाचा आणि समाजाचीच निंदा आपल्या मनाने खरी मानण्याचा ताण अधिक असतो. आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो की काय हे पाहत राहण्याचा ताण काय असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेले आहे.

आता याला चाळीची परिस्थिती जोडून पाहा. एक खोली, एकच सामाईक गॅलरी, सामाईक संडास, दार दिवसभर उघडे. चाळीत सुखदुःखाला माणसे धावून येतात हे खरेच, पण तेथे कोणाला एकांत मिळत नाही. मनातले बोलायला जागा नाही, फोनवर बोलायचे तरी जिन्याखाली जावे लागते. अशा ठिकाणी 'तो पितो' हे लोक मान्य करतात, कारण पिणारे पुष्कळ आहेत. 'तो तसा आहे' हे मात्र मान्य करीत नाहीत. तेव्हा घरी उशिरा येण्याचे, गप्प राहण्याचे, लग्न टाळण्याचे सोपे कारण म्हणून दारू उपयोगी पडते. एक गुपित झाकण्यासाठी दुसऱ्या बदनामीचे पांघरूण घेतले जाते. मुलींच्या बाबतीत तर ही सोयही नसते. पिणाऱ्या मुलीला दुहेरी बोल लागतात, म्हणून तिचे व्यसन, मग ते दारूचे असो वा झोपेच्या गोळ्यांचे, अधिकच खोल दडून राहते. तृतीयपंथीयांपैकी अनेकांना लहानपणीच घर सोडावे लागते. बाजार मागणे किंवा देहविक्रय यांवाचून उपजीविकेचे साधन उरत नाही, आणि त्या कामातील अवहेलना सोसण्यासाठी नशा केली जाते.

'संगत सोड' हा सल्ला का पुरत नाही

व्यसनी माणसाला आपण पहिला सल्ला देतो तो संगत सोडण्याचा. सल्ला चांगला आहे. परंतु या समुदायातील माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो ते पाहिले पाहिजे.

जगभर अनेक वर्षे या लोकांना मोकळेपणाने एकत्र येण्यास दारूच्या बारखेरीज फारशी जागाच नव्हती. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध जो उठाव झाला व ज्यातून त्यांच्या आधुनिक चळवळीस जोर आला, तो 'स्टोनवॉल इन' या बारमध्येच झाला. मुंबईतही ओळखी होण्याची ठिकाणे म्हणजे एखाद्या बारमधील ठरलेली रात्र किंवा कोणाच्या तरी घरची पार्टी, अशीच दीर्घकाळ राहिली. आज मोबाईलवरून ओळखी होतात, पण त्यातील काही भेटी एमडीसारख्या नशेच्या सोबतीनेच होतात. नशेच्या अमलाखाली सुरक्षिततेचे भान सुटते व एचआयव्हीसारख्या रोगांचा धोका वाढतो.

ज्याला आयुष्यात प्रथमच 'तू आहेस तसा ठीक आहेस' असे ज्या मंडळींनी म्हटले, त्याच मंडळींच्या हातात पेला असतो. त्याला आपण संगत सोडायला सांगतो तेव्हा दारूबरोबर त्याचे एकमेव माणुसकीचे ठिकाणही काढून घेतो. तो चार दिवस घरी बसतो, घरात पुन्हा खोटे बोलू लागतो आणि पाचव्या दिवशी परत जातो. म्हणून त्याला अशी नवी संगत लागते, जेथे नशा नाही आणि खोटे बोलण्याचीही गरज नाही. या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. केवळ नशा नसलेली जागा त्याला घरीही मिळते, आणि केवळ मोकळेपणा बारमध्येही मिळतो.

सोडण्याची रीत

व्यसनमुक्तीचे साधारणपणे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा शरीराचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, भ्रमिष्टासारखी अवस्था होणे असे प्रकार घडू शकतात आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा. गर्द बंद केल्यावर येणाऱ्या यातनांना आपल्याकडे 'टर्की' म्हणतात. त्यावरही औषधे आहेत. आपल्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर परळचे केईएम रुग्णालय आहे व तेथील मानसोपचार विभागात या आजारावर उपचार होतात. लोकल गाडीच्या डब्यात 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती चिकटविलेल्या असतात, त्यांच्या नादी कोणी लागू नये. दारू सोडविण्याच्या काही औषधांवर दारू प्यायली गेली तर जिवावर बेतते. असे औषध रुग्णाला सांगूनच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते.

दुसरा टप्पा मनाचा. येथे समुपदेशक लागतो. व्यसनी माणसाला 'कोणत्या वेळी प्यावेसे वाटते?' असे विचारले जाते. या प्रश्नाचे खरे उत्तर जर 'ज्याच्यावर माझे प्रेम होते त्याचे लग्न झाले तेव्हापासून' असे असेल आणि ते उत्तर देण्याची सोय नसेल, तर पुढचे सारे समुपदेशन खोट्या उत्तरावर उभे राहते. रुग्ण नोकरीचे, पैशाचे कारण सांगतो, डॉक्टर त्यावर उपाय सुचवितात, आणि मूळ दुखणे जागेवरच राहते.

तिसरा टप्पा सोबतीचा, व तो आयुष्यभर चालतो. आम्ही बँकेत काम करतो म्हणून त्याच भाषेत सांगावयाचे तर, ही एकरकमी ठेव नसून रोजच्या रोज भरावयाचे खाते आहे. एखादा हप्ता चुकला म्हणून खाते बंद करावयाचे नसते. पाय घसरणे हा या आजाराचाच एक भाग आहे. घसरलेल्यास पुन्हा खात्यावर आणणारी माणसे मात्र आसपास लागतात.

स्वमदत गटांचा अनुभव

ही सोबत देणारी जगातील सर्वांत जुन्या गटांपैकी एक संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए. अमेरिकेतील अॅक्रन या गावी १९३५ साली एक शेअर दलाल व एक डॉक्टर या दोन मद्यपींच्या भेटीतून ती सुरू झाली. व्यसनातून बाहेर पडलेल्याने व्यसनात असलेल्यास मदत करावयाची, हे तिचे सूत्र. सभासदत्वासाठी फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. भारतात तिचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले. मुंबईत शाळांच्या वर्गांतून, चर्चच्या आवारांतून तिच्या सभा भरतात व मराठीतूनही चालतात.

ही एकमेव अट कशी ठरली त्याची हकिकत आपल्या विषयाशी निगडित आहे. संघटनेच्या अगदी सुरुवातीच्या काळात एक नवखा मनुष्य आला व म्हणाला की, माझ्यावर दारूपेक्षाही मोठा एक कलंक आहे, तरी मला घ्याल का? तो कलंक लैंगिकतेसंबंधीचा होता. त्याला घेतले तर आपली बदनामी होईल असे काहींचे म्हणणे पडले. बराच खल झाला, आणि अखेर त्याला प्रवेश मिळाला. पुढे कोणालाही नाकारावयाचे नाही हा संघटनेचा दंडकच झाला. तरीही सामान्य सभेत मन मोकळे करणे अनेकांना जड जात असे, म्हणून अमेरिकेत समलैंगिक सभासदांचे स्वतंत्र गट निघाले. १९७४ साली ए.ए.च्या वार्षिक परिषदेने असे गट आपल्या यादीत नोंदविण्यास मान्यता दिली.

महाराष्ट्रातील कामाचा विचार करता पुण्याच्या मुक्तांगणचे नाव प्रथम घ्यावे लागते. डॉ. अनिल अवचट यांच्या गर्दवरील लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. मारहाण व कोंडून घालणे वर्ज्य, आणि बरे झालेल्या रुग्णांनीच नव्या रुग्णांना सांभाळावयाचे, ही तेथील पद्धत. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे कृपा फाउंडेशन स्थापन केले. तेथे व्यसनमुक्तीबरोबर एचआयव्हीबाधितांसाठीही काम झाले. या सर्वांच्या अनुभवाचे सार एकच आहे. व्यसनी माणूस उपदेशाने सुटत नाही. आपल्यासारखाच पडून उठलेला माणूस समोर दिसला म्हणजे त्याला उभारी येते.

समुदायाचा स्वतःचा आधार

आता मुंबईत या समुदायाने स्वतःसाठी काय उभे केले ते पाहू. १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. १९९४ साली हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. सांताक्रूझ पूर्वेला वाकोला येथे महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. तेथे समुपदेशन, एचआयव्ही तपासणी आणि नुसते येऊन बसण्याची सोय झाली. नुसते येऊन बसणे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. वर सांगितलेल्या दोन्ही अटी, म्हणजे समोर पेला नाही व ओठांवर खोटे नाही, अशाच जागी पुऱ्या होतात. १९९५ साली स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट निघाला, जो पुढे 'लाबिया' या नावाने ओळखला गेला. १९९८ साली सुरू झालेल्या 'गे बॉम्बे' गटाने पार्ट्यांबरोबर घरगुती गाठीभेटी आणि पालकांच्या बैठकाही घेतल्या. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला व लैंगिकतेवर मराठीत पुस्तके लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना त्यांचा फार उपयोग झाला. मालाडच्या भागात गौरी सावंत यांच्या सखी चार चौघी या संस्थेने तृतीयपंथीयांसाठी काम केले. 'स्वीकार' हा गट तर पालकांनी पालकांसाठी चालविलेला आहे.

तृतीयपंथी समाजात गुरू-चेल्याचे नाते हेच घर असते. गुरू कडक असेल, कमाईत वाटा घेईल, परंतु चेला आजारी पडला तर उशाशी बसणाराही तोच असतो. अशा घराण्यातील एखाद्या गुरूने नशा सोडली तर त्याचा परिणाम त्या घरातील सर्व चेल्यांवर होतो. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी या नात्याला तुच्छ लेखू नये, त्याचाच उपयोग करून घ्यावा.

या आधाराचा व्यवहारात अर्थ काय? रात्री अकरा वाजता प्यावेसे वाटले तर फोन करता येईल असा एक माणूस. रविवारची दुपार रिकामी जाऊ नये म्हणून एखादी बैठक किंवा डोंगरावरची सहल. आईवडिलांना समजावून सांगू शकेल असे दुसरे आईवडील. पोलिसांनी किंवा घरमालकाने छळले तर सल्ला देणारा वकील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्यासारखाच असून ज्याने पाच-दहा वर्षे नशा केली नाही असा प्रत्यक्ष दिसणारा मनुष्य.

तथापि या आधारालाही मर्यादा आहेत. बरीचशी कार्यालये उपनगरांत आहेत, अनेक बैठकांची भाषा इंग्रजी असते. लालबागच्या चाळीतील मुलगा तेथे गेला तर कपड्यांनी व बोलण्याने बुजून जातो. जातीचा प्रश्न तेथेही आहे. २०१५ साली दिल्लीच्या प्राइड मोर्चात दलित समलैंगिक तरुणांनी आपली ही दुहेरी ओळख जाहीरपणे मांडली होती. ज्याला वस्तीत लैंगिकतेमुळे व समुदायात जातीमुळे परके वाटते, तो मधल्यामध्ये लोंबकळत राहतो. त्याच्यासाठी आधार वस्तीतच निर्माण व्हावयास हवा, आणि येथे आपल्यासारख्या संस्थांची जबाबदारी सुरू होते.

कायदा काय सांगतो?

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुळे समलैंगिक संबंध गुन्हा ठरत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय फिरविला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता मिळालेली होती.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा तर आपल्या विषयाच्या दोन्ही टोकांना स्पर्श करतो. या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या अवस्थांचा समावेश आहे, आणि कलम १८ नुसार उपचार देताना लिंग, लैंगिक कल, जात, धर्म, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी जातो त्याला नशा केल्याबद्दलच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून काही अटींवर संरक्षण मिळते. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. पुरुषांच्या वॉर्डात टाकावे की स्त्रियांच्या, या वादात उपचारच न मिळणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट होती.

आमच्या खात्यातीलही एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, या समुदायातील व्यक्तींना जोडीदारासह संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला वारस म्हणून नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्यांच्या विवाहास कायद्याची मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यास नकार दिला. तरीही दोघांच्या नावाचे एक पासबुक असणे हे नशा सोडून संसार सावरू पाहणाऱ्या माणसाला केवढे बळ देते, हे काउंटरच्या आत बसणाऱ्यास दिसते.

आपण काय करू शकतो?

१९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय येथून जवळच, परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी त्या सभेने वसतिगृह व वाचनालय काढले. हितकारिणी या शब्दाचा अर्थ त्या कामात होता. आज आपल्या मंडळाने फार खर्चाचे काही करावे असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृहाची खोली व्यसनमुक्ती गटाच्या मराठी सभेस द्यावी. त्या सभेत कोण येतो, कोणाबरोबर येतो याची चौकशी कोणी करू नये. जे ऐकले ते खोलीबाहेर जाऊ नये. वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या समुपदेशकास बोलावून पालकांशी या विषयावर बोलू द्यावे.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाने काही सांगितले तर पहिल्या दिवशी उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. घराबाहेर काढू नका, लग्नाची घाई करू नका. काकांनी, मामांनी, शेजारच्या मावशींनीही टोमणे आवरावेत. पाचवे शील आपण स्वतःसाठी ग्रहण करतो. घसरलेल्या माणसाच्या डोक्यात घालण्यासाठी ते दिलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातील एखादा मुलगा बायकी म्हणून चिडविला जात असेल तर त्या हास्यात सामील होऊ नका. ज्याला स्वतःला मदतीची गरज वाटते त्याने संकोच करू नये. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही, तसेच मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे. दोन्ही विनामूल्य असून फोनवर मोकळेपणाने बोलता येते.

आपल्या वस्तीत असे तरुण आहेत, आपल्याच घरांत आहेत. त्यांतील काही जण आज रात्रीही जिन्याखाली उभे राहून घरी काय सांगायचे याचा विचार करीत असतील. त्यांना सांताक्रूझपर्यंत जाण्याचे धैर्य होईलच असे नाही. सभागृहाच्या दारापर्यंत मात्र ते येऊ शकतील. ते दार आठवड्यातून एक संध्याकाळ उघडे राहील एवढी व्यवस्था येत्या वार्षिक सभेत व्हावी, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.